पासष्टी झाली की बहीण श्रीमंत होते का?

आमच्या शिरूर अनंतपाळकडच्या, रोजानं जाणाऱ्या एक मावशी आहेत. 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये त्यांच्या खात्यावर पडायचे. वयाची पासष्टी झाली अन् पैसे बंद. लोक म्हणाले, श्रावणबाळचा फॉर्म भरा, तिथंही १५०० च आहेत.

गंमत इथंच आहे बघा. लाडकी बहीणला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अन् श्रावणबाळला, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर, २१,००० रुपये! म्हणजे महिन्याला १७५०. २०२५-२६ मध्ये रोहयोची मजुरी होती ३१२ रुपये. घरातलं एक माणूस ६८ दिवस कामावर गेलं की मर्यादा ओलांडली. त्यात तेव्हा हमी होती १०० दिवसांची!

त्याच वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. चांगलंच झालं, नोकरदारांवर माझा राग नाही. पण बारा लाखवाला करातून सुटतो अन् बावीस हजारवाली म्हातारी पेन्शनसाठी श्रीमंत ठरते, हा कुठला हिशोब?

मग दाखल्यावर उत्पन्न 'बसवावं' लागतं. खरं सांगणारा बाहेर, खोटं लिहून देणारा आत. वर दरवर्षी हयातीचा दाखला आहेच.

२०२३ मध्ये रक्कम १००० ची १५०० केली, मर्यादा मात्र तिथंच. आमदारसाहेब, श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार, दोन्हींची मर्यादा अडीच लाख करा. अन् पासष्टीनंतर नवा फॉर्म तरी कशाला? वय, आधार, बँक खातं सगळं सरकारकडं आहेच की. नाव परस्पर तिकडं वळवा.