विश्लेषण : एस फ्रेलींवरून ‘किस’चे चाहते का भांडतात?

‘किस’ या अमेरिकी रॉक बँडचे मूळ गिटारवादक एस फ्रेली यांचे १६ ऑक्टोबर २०२५ रोजी, पडून डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे निधन झाले. काही आठवड्यांतच बँडचे सहसंस्थापक जीन सिमन्स यांनी एका मुलाखतीत फ्रेलींच्या चुकीच्या निर्णयांवर बोट ठेवले. आपल्या माणसांचे त्यांनी ऐकले नाही, असा त्याचा सूर होता. चाहते खवळले. सिमन्स यांनी माफी मागितली, पण तोवर जुने भांडण पुन्हा पेटले होते.

भांडण कशाचे?

सिमन्स, पॉल स्टॅनली, फ्रेली आणि ड्रमवादक पीटर क्रिस या चौघांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘किस’ उभा केला. चौघांचे चेहरे रंगवलेले, प्रत्येकाचे पात्र ठरलेले. फ्रेली अंतराळवीर, क्रिस मांजर. क्रिस १९८० मध्ये, फ्रेली १९८२ मध्ये बाहेर पडले. १९९६ मध्ये चौघे पुन्हा एकत्र आले, पण काही वर्षांत पुन्हा फाटले. यानंतर मात्र टॉमी थेअर यांनी फ्रेलींची आणि एरिक सिंगर यांनी क्रिस यांची रंगभूषा चढवली. चाहत्यांमधील खरी फूट तिथे पडली.

नट बदलून नाटक चालू ठेवणे मराठी प्रेक्षकाला नवे नाही. पण तिथे पात्र लेखकाचे असते. अंतराळवीर हा चेहरा फ्रेली यांचाच, इतकेच नव्हे तर बँडचा प्रसिद्ध लोगोही मुळात त्यांनीच काढलेला.

सिमन्स-स्टॅनली खोटे बोलतात का?

नाही, आणि इथेच फ्रेलींचे कट्टर चाहते गफलत करतात. दारू आणि अमली पदार्थांचे व्यसन फ्रेली यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात कबूल केले आहे. दौरे, करार, नवे सदस्य हा गाडा सिमन्स-स्टॅनली यांनीच पन्नास वर्षे ओढला.

तरीही त्यांच्या मताला तटस्थ साक्ष म्हणता येत नाही. या रंगभूषेचे हक्क आपल्याकडे आहेत, असे ते सांगत आले. जुना सहकारी ‘बेभरवशाचा’ ठरला, की त्याच्या चेहऱ्यात दुसरा उभा करणे समर्थनीय ठरते. म्हणजे मत देणाऱ्याचा त्या मतात सरळ हितसंबंध आहे. शिवाय नोंदी वेगळे बोलतात. १९७८ मध्ये चौघांचे स्वतंत्र अल्बम एकाच दिवशी आले. त्यांतून सर्वाधिक गाजलेले गाणे निघाले ते फ्रेली यांच्या अल्बममधून, ‘न्यूयॉर्क ग्रूव्ह’. अमेरिकी यादीत बँडचे सर्वात वर, सातव्या क्रमांकावर गेलेले ‘बेथ’ क्रिस यांनी गायलेले.

२०१४ मध्ये काय घडले?

‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने फक्त मूळ चौघांना सन्मानित केले. नंतरच्या सदस्यांनाही घ्या, हा सिमन्स-स्टॅनली यांचा आग्रह होता. तो गैर नव्हता. अनेक वर्षे वाजवणाऱ्यांना वगळणे अन्यायच. पण फ्रेली-क्रिस यांच्यासोबत त्या रात्री वाजवायलाही दोघे तयार झाले नाहीत. चौघे मंचावर आले, बोलले, आणि एकही गाणे न वाजवता उतरले. त्याच महिन्यात आलेल्या स्टॅनली यांच्या आत्मचरित्रात दोन्ही जुन्या सहकाऱ्यांवर कडक शब्दांत टीका होती. (चौघांनीही आत्मचरित्रे लिहिली आहेत, चारही वाचणाऱ्याला चार वेगवेगळे बँड भेटतात.)

आता पुढे?

२ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. अखेरीस पडद्यावर बँडचे डिजिटल अवतार झळकले. पुढच्याच वर्षी गाणी, नाव आणि प्रतिमा यांचे हक्क ‘पॉपहाऊस’ या स्वीडिश कंपनीने विकत घेतले. अवतार म्हातारे होत नाहीत, व्यसन करत नाहीत, मुलाखतीही देत नाहीत. त्या रात्री पडद्यावर दिसलेला अंतराळवीर फ्रेली नव्हते, थेअर होते.