लेखनाचे भांडवल

आपण लेखक व्हावे, असे पुष्कळ मुलांना वाटते. परंतु ही हौस फार दिवस टिकत नाही. घरी पुस्तके नाहीत, शहर दूर आहे, शिकविणारा कोणी नाही, अशी कारणे पुढे येतात. सातपुड्याच्या कुशीतील अक्कलकुव्यासारख्या तालुक्यात आणखी एक कारण भेटते. घरी भिलोरी, देहवाली किंवा पावरी बोलावयाची आणि शाळेत पुस्तकी मराठी. आपली बोली छापलेली दिसत नाही, तेव्हा लेखन हे आपले कामच नव्हे, असा समज मुलाच्या मनात घर करतो. पैशाच्या अडचणीपेक्षा हा समजच अधिक घातक होय.

अण्णा भाऊ साठे यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. मुंबईच्या रस्त्यांवरील पाट्या वाचीत त्यांनी अक्षरज्ञान वाढविले. परंतु त्यांनी 'फकिरा' लिहिली, ती वारणाकाठच्या आपल्या माणसांविषयी. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. नंदुरबारच्या मुलाला तर इतके दूर पाहण्याचेही कारण नाही. याच जिल्ह्यातील वाहरू सोनवणे यांनी भिलोरीत आणि मराठीत कविता रचल्या. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा भांडवल घरातच आहे. आजी सांगते ती गोष्ट, लग्नातील गाणे, वडीलधाऱ्यांचे बोलणे हे सारे वहीत उतरून घ्यावे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने व आप्तांनी टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. ज्या कोणी टिपल्या नाहीत, त्या गेल्या त्या गेल्याच! वाचनावाचून मात्र हे साधेल असे कोणी समजू नये. वाचनालयातील एकच चांगले पुस्तक दोनदा वाचले तरी पुष्कळ शिकावयास मिळते.

आता उत्साह टिकावा कसा? लिहिलेले कोणी वाचले, तर तो टिकतो. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरला शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत. त्याला ना छापखाना लागला, ना वर्गणी. कागद, शाई आणि रोजचे कष्ट एवढ्यावर ते चालले. असे हस्तलिखित कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लावता येईल. आठवड्यातून एकदा निघाले तरी चालेल. पण ठरल्या दिवशी निघाले पाहिजे, कारण वाचणाऱ्यांना वाट पाहावयास लावणे हाच लिहिणाऱ्याचा खरा पगार.

अशा हस्तलिखितात एखाद्या मुलाने काठीच्या होळीचे वर्णन केले, तर त्यात 'बुध्या' येणारच. त्याला नुसते 'नर्तक' म्हटल्याने त्याचा मोरपिसांचा टोप दिसत नाही की कमरेचे घुंगरू ऐकू येत नाहीत. शिक्षकांनी तो शब्द खोडू नये; समासात त्याचा अर्थ मुलाकडूनच लिहून घ्यावा.