टेप लावा, पण घाटाच्या आधी

अक्कलकुव्यात गाडी भरायला वेळ लागतो. मोलगीकडे जाणारी बोलेरो किंवा क्रूझर शेवटचा पॅसेंजर मिळेपर्यंत हलत नाही, आणि तोवरचा वेळ गाण्यांवर निघतो. डॅशबोर्डाच्या खालच्या अंगाला, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ पेनड्राईव्ह खोचलेला असतो. आधी रोडाली, मग अहिराणी डीजे, मग गुजरातच्या बाजूने आलेली टिमली. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडतं, "टेप वाढव ना!" गाडीत टेप कुठे आहे? कॅसेट जाऊन जमाना झाला. शब्द मात्र टेपच राहिला.

हा गुडघ्याजवळचा पेनड्राईव्ह आता मागास समजला जातो. नव्या गाडीत सात-नऊ इंची पडदा येतो, मोबाईल ब्लूटूथने जोडला जातो, जगातलं कुठलंही गाणं बोटावर. ज्याच्या जुन्या गाडीत हे नाही तो बाजारातून पडदा आणून बसवून घेतो. पण अक्कलकुवा तालुक्याच्या रस्त्यांवर गाणी ऐकत सुखरूप पोचायचं असेल, तर त्या पडद्यापेक्षा हा पेनड्राईव्ह आणि त्याच्या शेजारचं गोल बटणच बरं.

कारण इथला रस्ता. गावातून मोलगीच्या वाटेला लागलं की देवगोईचा घाट येतो. चढण, वळणं, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. सातपुड्यात मोबाईलचं नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. इंटरनेटवरून चालू असलेलं गाणं अशा ठिकाणी मध्येच तुटतं. गाडीत एकदम शांतता पसरते आणि ती सगळ्यांत आधी ड्रायव्हरला खुपते. त्याचा हात मोबाईलकडे जातो. नेटवर्क गेलंय हे त्याला ठाऊक असतं, तरी तो पडदा उघडतो, गोल फिरणारी खूण बघतो, दुसरं गाणं दाबून पाहतो. ताशी 40 किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. तीन सेकंदांत 33 मीटर, म्हणजे एसटीच्या लांबीच्या जवळपास तिप्पट. घाटात तेवढ्यात वळण संपून दुसरं सुरू झालेलं असतं.

पेनड्राईव्हला नेटवर्क लागत नाही. त्याचा मोठेपणा एवढाच, आणि घाटात तेवढा पुरेसा आहे.

मोबाईलबाबतचा कायदा बहुतेकांना वाटतो त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने, गाडी चालवताना मोबाईलसारखं साधन हातात घेऊन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2020 पासून नियमांत एक सवलत आली, तीही फक्त रस्ता शोधण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. गाणं बदलण्यासाठी सवलत नाही. "फोनवर बोलत नव्हतो साहेब, गाणं लावत होतो" हे उत्तर मनातल्या मनात कितीही पटलं तरी कायद्यात बसत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात 2021 साली मोबाईल वापरामुळे 1,997 अपघात आणि 1,040 मृत्यू नोंदले आहेत. खरा आकडा याहून मोठा असणार असं मानायला जागा आहे. दरीतून वर काढलेल्या गाडीत मोबाईलवर काय चालू होतं हे पंचनाम्यात कोण लिहितं? मार्च 2025 मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक लोणावळ्याजवळ मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत गाडी चालवत होता. एका प्रवाशाने चित्रीकरण करून ते परिवहनमंत्र्यांपर्यंत पोचवलं आणि चालकाची नोकरी गेली. मोलगीच्या जीपमध्ये असं चित्रीकरण कोण करणार, आणि पाठवणार कुणाला? तिथे तर पाठवायलाही नेटवर्क नसतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की मोबाईल हातात धरायचा नाही, गाडीच्या पडद्याला जोडायचा. कंपन्याही तेच सांगतात. इंग्लंडमध्ये 2020 साली 'आयएएम रोडस्मार्ट' या संस्थेसाठी झालेल्या चाचणीत हेच तपासलं गेलं. सिम्युलेटरवर बसवलेल्या चालकांना अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्लेच्या पडद्यावर बोटाने गाणी निवडायला लावली. त्यांची प्रतिक्रिया देण्याची गती पन्नास टक्क्यांहून जास्त मंदावली. तिथल्या कायद्याने परवानगी असलेल्या मर्यादेइतकी दारू प्यायल्यावर ती 12 टक्के मंदावते. काही चालकांची नजर 16 सेकंदांपर्यंत रस्त्यावरून हटली होती. तोंडी हुकूम देऊन गाणं लावलं तरी मंदपणा तीस टक्के किंवा त्याहून जास्तच राहिला. तेव्हा "हात स्टिअरिंगवर आहेत ना" एवढ्याने भागत नाही. डोकं कुठे आहे हाही प्रश्न असतो.

स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या गाड्यांच्या मासिकाने 2022 मध्ये केलेली चाचणी तर पेनड्राईव्हवाल्यांनी कापून डॅशबोर्डावर चिकटवावी अशी आहे. ताशी 110 च्या वेगाने गाडी चालवत रेडिओ लावणं, एसीचं तापमान बदलणं अशी साधी कामं करायची होती. 2005 सालच्या, बटणांच्या जुन्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली. तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. पडद्यावर सगळं सोपवलेल्या एका नव्या गाडीत त्याच कामांना 44.6 सेकंद लागले आणि गाडी 1,372 मीटर गेली. चाचणी घेणाऱ्यांना पडद्याची सवय करून घ्यायला आधी वेळही दिला होता.

शिवाय ती चाचणी सपाट धावपट्टीवर झाली. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर तळोदा ते खापरच्या टप्प्यात तीच करून बघावी. पावसाळ्यानंतर तिथे खड्डा चुकवावा तर दुसरा पुढे तयार. अशा रस्त्यावर काचेवर बोट नेमकं टेकत नाही. 'पुढचं गाणं' दाबायला जावं आणि फोनच लागावा असं होतं. मग तो कापायला आणखी एक नजर. गोल बटण हाताला कळतं. ते न बघता फिरवता येतं, खड्ड्यातसुद्धा. हा फरक अभियंत्यांनाही उशिरा का होईना पटतो आहे. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांसारख्या कामांना खरी बटणं असण्यावर भर दिला आहे. गाणी त्या यादीत नाहीत, हे खरं.

गाडीत गाणी असावीत की नसावीत हा वाद तसा जुनाच. 1956 मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने डॅशबोर्डाखाली चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला होता. चालत्या गाडीत तबकडी आणि तिच्यावर सुई. तो फार टिकला नाही, आणि आपल्याकडचा एखादा रस्ता त्याला दाखवला असता तर आठवडाही टिकला नसता. पण गाणी बंद करा असं म्हणणारा माणूस इथे राहणारा नसावा. आमचूरच्या गोण्या, बाजाराची गर्दी, होळीच्या दिवसांत काठी गावाला निघालेल्या गाड्या, हे सगळं गाण्याशिवाय कसं जाईल? ढोल आणि पावरी जिथे रात्रभर वाजतात तिथला प्रवास मुका कसा असेल? प्रश्न गाण्यांचा नाही, ती कोण आणि कधी बदलतो याचा आहे.

आणि ती किती मोठ्याने लागतात याचाही. घाटात समोरची गाडी दिसण्याआधी ऐकू येते. वळणावर हॉर्न द्यायचा तो समोरच्याने ऐकावा म्हणून, आणि त्याचा आपल्याला ऐकू यावा म्हणून. काचा बंद, एसी चालू, मागच्या सीटखाली वूफर धडधडतोय, अशा गाडीत समोरच्याचा हॉर्न ऐकूच येत नाही. मोलगीकडून खाली उतरणारी 108 रुग्णवाहिका मागे असेल तर तिचा सायरनही पोचत नाही. घाट लागला की आवाज अर्ध्यावर आणावा आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं खाली असावी. वूफरची पेटी नुसती ठेवलेली नको, घट्ट बांधलेली हवी. अचानक ब्रेक लागला की ती पुढच्या माणसाच्या पाठीत येते.

रात्री महामार्गावरून गुजरातकडे जाणारे ट्रकवाले म्हणतात, गाणी लावली की झोप येत नाही. हे अर्धंच खरं. लफबरो विद्यापीठातल्या हॉर्न आणि रेनर या संशोधकांनी 1998 मध्ये झोपाळलेल्या चालकांना रेडिओ आणि थंड वारा देऊन पाहिलं. परिणाम थोडा वेळच टिकला. कॉफी आणि पंधरा मिनिटांची डुलकी त्याहून कामाची ठरते. डोळे मिटू लागले की आवाज वाढवण्यापेक्षा ढाब्यावर गाडी बाजूला घेतलेली बरी.

आता थोडं पेनड्राईव्हविषयी, कारण तोही नीट भरलेला नसेल तर त्रासच. मोबाईलच्या दुकानातून "हजार गाणी टाकून द्या" म्हणून आणलेल्या चिपमध्ये एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं कानठळ्या बसवतं, कारण ती वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा झालेली असतात. प्रत्येक गाण्याला हात बटणावर जातो तो त्यामुळे. दुकानदाराला सगळ्यांचा आवाज एकसारखा करून द्यायला सांगावं. संगणकावर ते थोड्या वेळाचं काम आहे. हजारही कशाला? अक्कलकुवा ते मोलगी यायला-जायला साठ-सत्तर गाणी पुरतात. नावडतं गाणं पेनड्राईव्हवर नसलं की ते ओलांडायची वेळच येत नाही. वेगळे फोल्डर करावेत: एक बाजाराच्या दिवसाचा, एक रात्रीचा, एक घाटाचा. घाटाच्या फोल्डरात शांत गाणी असावीत. जुन्या टेपला 64 जीबीचा पेनड्राईव्ह बहुधा वाचता येत नाही. 32 जीबीपर्यंतचा घ्यावा आणि तो एफएटी 32 मध्ये फॉरमॅट करून मागावा. आकाराने नखाएवढा मिळाला तर उत्तम, लांब पेनड्राईव्ह गुडघा लागून मोडतो आणि सोबत खाचही घेऊन जातो.

लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर हा मधला मार्ग. तो गाणी रेडिओच्या लहरींवर टाकतो आणि गाडीचा रेडिओ ती पकडतो. पण हद्द ओलांडून सागबारा, डेडियापाडाकडे जाताना त्याच लहरीवर दुसरं स्टेशन घुसलं की खरखर सुरू होते आणि ड्रायव्हर लहरी शोधत बसतो. मोकळी जागा गाडी उभी असतानाच शोधून ठेवायची.

मोबाईल वापरायचाच असेल तर तो कुठे अडकवायचा हेही बघावं. एअरबॅग जिथून फुटते त्या झाकणावर स्टँड चिकटवलेला दिसतो. अपघातात एअरबॅग डोळ्याचं पातं लवण्याआधी उघडते आणि वाटेतला मोबाईल दगडासारखा फेकते. काचेच्या मधोमध लावला तर समोरचं वळण झाकतं. खानदेशातल्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डावर मोबाईल विसरणं हा तर वेगळाच प्रकार. अमेरिकेत ॲरिझोनात 2018 मध्ये केलेल्या मोजणीत, उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांपर्यंत तापले होते. मोबाईलची बॅटरी एवढ्या उष्णतेसाठी केलेली नसते. आणि ज्यांनी मोठा ॲम्प्लिफायर बसवलाय त्यांनी एकदा बॉनेट उघडून बॅटरीपासूनची वायर बघावी. बॅटरीजवळ फ्यूज नसेल आणि वायर पत्र्याच्या कडेला घासत असेल, तर गाणी ऐकण्याआधी वायरमनला गाठावं.

पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असायचा. टेपची कॅसेट उलटी करणं हे त्याचं काम. आता इथल्या, एमएच-39 च्या बहुतेक जीपांवर तो उरलेला नाही, पण पुढच्या सीटवर दोन-तीन पॅसेंजर दाटीवाटीने बसलेलेच असतात. ड्रायव्हरदादांनी गाडी सोडण्याआधी त्यांतल्या खिडकीजवळच्या पोराच्या हातात टेपचा रिमोट द्यावा. पोरगं आनंदाने घेईल. त्याला सगळी गाणी पाठ असतात.