दुसरा इको

हार्ट अटॅकनंतर माणूस घरी आला की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पंपिंग किती आहे?’ शिरूर असो की दौंड, ‘चाळीस’ असं उत्तर आलं की सगळे गप्प होतात. साठ टक्के हृदय गेलं, असा हिशेब प्रत्येकाने मनात केलेला असतो. मग कमावता माणूस खाटेला बांधला जातो, टेम्पो विकायला निघतो, मुलीच्या निकाहची घाई सुरू होते.

हा हिशेबच चुकीचा आहे. धडधाकट माणसाचं हृदयही एका ठोक्यात पूर्ण रिकामं होत नाही. डाव्या कप्प्यात १०० मिलिलिटर रक्त भरलं, तर साधारण ५५ ते ७० मिलिलिटरच बाहेर पडतं. म्हणजे निरोगी माणसाचं पंपिंगही शंभर टक्के नसतं. चाळीस म्हणजे हृदय अशक्त झालंय, संपलेलं नाही.

शिवाय हा आकडा कधी घेतला, यालाही महत्त्व आहे. रक्तवाहिनी वेळेत उघडली तरी तिच्यावर जगणारा स्नायू काही काळ बधिर राहतो. तो मेलेला नसतो, पण हलत नाही. ब्राऊनवाल्ड आणि क्लोनर या डॉक्टरांनी १९८२ मध्ये ही अवस्था नेमकी मांडली. असा स्नायू काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो. म्हणून अटॅकच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा इको हा अंतिम निकाल मानता येत नाही. खरं चित्र सहा ते बारा आठवड्यांनंतरच्या दुसऱ्या इकोत दिसतं.

आणि नेमका हाच इको आपल्याकडे राहून जातो. गोळ्या चालू आहेत, दुखत नाही, मग पुण्याला कशाला जायचं? शिरूरहून नगर रोडने किंवा दौंडहून रेल्वेने गेलं तरी दिवस मोडतो. सोबत येणाऱ्या मुलाचा रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यातला खाडा होतो. इकोचे पैसे वेगळेच.

पण या तपासणीने पुढचे उपचार बदलू शकतात. पंपिंग ३५ किंवा त्याहून खालीच राहिलं, तर ठोके अचानक बिघडून जीव जाण्याचा धोका असतो. अशा वेळी छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचं का, याचा विचार डॉक्टर करतात. झडप गळतेय का, आत रक्ताची गुठळी आहे का, हेही इकोत दिसतं. आणि पंपिंग सुधारलेलं दिसलं तर माणूस पुन्हा कामाला लागू शकतो. अर्थात, सुधारणेत गोळ्यांचाही वाटा असतो, त्या मनाने बंद करायच्या नाहीत. रमजानचे रोजे ठेवायचे का, हा प्रश्नही शेजाऱ्याला नाही, तर हा रिपोर्ट पुढे ठेवून डॉक्टरांनाच विचारावा.

माझं म्हणणं एवढंच आहे. शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत अटॅक येऊन गेलेल्यांसाठी इकोचा एक वार ठरवावा. डिस्चार्जच्या कागदावर दुसऱ्या इकोची तारीख ठळक लिहावी. मशिदीच्या कमिटीने, गणेश मंडळाने, कामगार संघटनेने ती तारीख पाळली जाईल हे पाहावं. अँजिओप्लास्टीसाठी वर्गणी काढणारी आपली माणसं दुसऱ्या इकोसाठीही सोबत जाऊ शकतात. नशिबावर बोट ठेवण्याआधी एवढी तपासणी तरी झालेली असावी.