झोपेच्या गोळीवर थांबायची तारीखही लिहा

गेल्या श्रावणात मी पालीला घरी गेलो होतो. आजीच्या उशाशी स्टीलचा डबा असतो. त्यात अडकित्ता, विक्स, संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा लिहिलेला कागद आणि अल्प्राझोलामची पट्टी होती. ०.५ मिलिग्रॅम. कधीपासून घेतेस, असं विचारलं. "हे गेले तेव्हापासून," ती म्हणाली. म्हणजे सहा वर्षं. "एकीने नाही भागलं तर कधी दोन घेते."

मी इंजिनियर आहे आणि चार रील्स बघितलेल्या होत्या. गोळी म्हणजे व्यसन, गोळीने मेंदू खराब होतो, एवढं मला ठाऊक होतं. मी पट्टी कचऱ्यात टाकली, आजीला अर्धा तास भाषण दिलं आणि हळदीचं दूध दिलं.

पहिली रात्र तिने जागून काढली. मी म्हटलं, एक-दोन दिवस त्रास होणारच. तिसऱ्या रात्री तिचे हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला आणि ती सांगू लागली की माजघरात माणसं बसली आहेत. पहाटे गाडी काढली. अंबेचं पाणी उतरलेलं होतं हे आमचं नशीब. पुलावर पाणी असतं की पालीहून बाहेर पडणं अवघड होतं, हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "सहा वर्षं शरीराला जिची सवय आहे ती एका रात्रीत काढून घेतलीत. फिट आली असती म्हणजे?"

तेव्हापासून या विषयावर दोन प्रकारच्या माणसांचा मला राग येतो. "अर्धी घे, मस्त झोप लागेल" म्हणून पट्टी पुढे करणाऱ्यांचा, आणि "फेकून दे ते विष" म्हणणाऱ्यांचा. दुसऱ्या प्रकारात मी स्वतः होतो. दोघांची चूक एकच आहे. डॉक्टरने ठरवायची गोष्ट दोघंही स्वतः ठरवतात.

आधी औषध काय आहे ते बघू. ज्याला आपण सर्रास 'झोपेची गोळी' म्हणतो ते अल्प्राझोलाम मुळात चिंताविकार आणि पॅनिक डिसऑर्डरसाठीचं औषध आहे. ते बेंझोडायझेपिन गटातलं. या गटातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आलं. १९६३ साली डायझेपाम आलं. मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन असतं. चेतापेशींचा वेग कमी करणं हे त्याचं काम. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. पण रोज बाहेरून ब्रेक लागू लागला की मेंदू आपला ब्रेक सैल करतो. मग तेवढ्याच गोळीने भागत नाही आणि गोळी अचानक काढली तर गाडी उतारावर सुटते. आजीला माजघरात दिसलेली माणसं तिथून आली.

हे ज्ञान नवं नाही. ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८८ सालीच बजावलं होतं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या सगळ्या गटावर सवय, गैरवापर आणि सोडतानाचा त्रास यांबद्दलचा चौकटीतला इशारा छापायला लावला.

मग आजीची सहा वर्षं कशी झाली? आजोबा गेले त्या आठवड्यात कुणीतरी डॉक्टरांनी पंधरा दिवसांची चिठ्ठी दिली. योग्यच दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा कुणी गेलं नाही. चिठ्ठी घडीवर फाटली, मग रिकामी पट्टी दाखवून काम होऊ लागलं, मग पट्टीही लागेना. मुंबईला जाणारा प्रत्येक जण येताना दोन पट्ट्या आणायचा. मीही आणल्या आहेत. पेढ्यांच्या पुड्यासोबत.

आमच्या धंद्यात रात्री दोनला सिस्टिम पडली की हॉटफिक्स टाकतात. त्यात गैर काही नाही, लोकांचं काम चालू राहिलं पाहिजे. पण सकाळी त्याचं तिकीट उघडतात, मूळ दोष शोधायची तारीख घालतात. ती तारीख नसेल तर तो तात्पुरता कोड पाच वर्षं तिथेच राहतो आणि त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. आजीच्या गोळीला तिकीट नव्हतं.

कायदा नाही असं नाही. १ मार्च २०१४ पासून देशात 'शेड्यूल एच १' लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही सगळी त्यात आहेत. पट्टीवर लाल चौकटीत इशारा असतो. दुकानदाराने चिठ्ठी बघायची, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची, ती वही तीन वर्षं ठेवायची. २०२०च्या टेलिमेडिसिनच्या सूचनांनी एनडीपीएस कायद्यातली औषधं मनाई यादीत घातली, आणि अल्प्राझोलाम त्या कायद्यात येतं. तरी चिठ्ठीचा आग्रह धरला की आपल्याला राग येतो. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना चिठ्ठी आणि फार्मासिस्टचे नियम काटेकोर राबवू लागले, तेव्हा राज्यातल्या औषधविक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली होती.

मालेगावात हीच अल्प्राझोलामची गोळी 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाते. छापा पडतो, बातमी येते, आपण मान हलवतो. तीच गोळी स्टीलच्या डब्यात असली की "अहो, साधी गोळी आहे, सगळेच घेतात." रेणू तोच आहे. फरक घराच्या पत्त्यात आहे.

आता आपल्या पिढीकडे या. रात्री एकपर्यंत अमेरिकेशी कॉल, मग डोळ्याला डोळा लागत नाही. फ्लॅटमधला कुणीतरी झोल्पिडेम देतो. कुणी ती बिअरवर घेतो. दारू आणि ही औषधं दोन्ही श्वास मंद करतात. एकत्र घेतली तर बेरीज जिवावर बेतू शकते. झोल्पिडेमनंतर सात-आठ तास झोपायला मिळणार नसतील तर सकाळी बाइक चालवणं धोक्याचं आहे. सकाळीही अंगात औषध जास्त उरतं म्हणून अमेरिकेने २०१३ साली बायकांसाठी सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. २०१९ साली आणखी इशारा आला: काही माणसं या गोळीवर झोपेतच उठून चालतात, स्वयंपाक करतात, गाडी चालवतात, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. मित्राने दिलेल्या गोळीसोबत ही माहिती येत नाही.

कोकणातल्या माणसांसाठी एक खास गोष्ट. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी गजकर्ण होतं आणि त्यावर इट्राकोनॅझोल नेहमी दिलं जातं. अल्प्राझोलामसोबत ते घेऊ नये, असं स्पष्ट आहे. यकृत अल्प्राझोलाम बाहेर काढू शकत नाही आणि त्याचं रक्तातलं प्रमाण चढतं. त्वचेच्या डॉक्टरांना आजीच्या डब्याची माहिती कोण देणार? चिठ्ठीवर नसलेलं औषध कुणालाच दिसत नाही.

"म्हातारीला सहा वर्षं झोप मिळाली, काय बिघडलं?" असं माझा काका म्हणाला. आजी त्या सहा वर्षांत दोनदा मागीलदारी पडली होती. आम्ही शेवाळाला दोष दिला. म्हातारपणी या गोळ्यांनी तोल जातो, हाडं मोडतात, आठवण अडखळते. म्हणून वृद्धांना त्या शक्यतो टाळाव्यात, असं जाणकार सांगतात. शेवाळ असेलही. गोळीचा विचार मात्र कुणी केला नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे: खेड्यात डॉक्टर कुठे आहेत? आम्हाला मानसोपचारतज्ज्ञासाठी पनवेल गाठावं लागलं, अख्खा दिवस गेला. पण १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि जुन्या अनिद्रेवर पहिला उपाय गोळी नाहीच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली वर्तनोपचाराला पहिला क्रमांक दिला. त्यातल्या काही गोष्टी साध्या आहेत: अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचं, सकाळी उठायची वेळ रोज एकच. आजी साडेआठला आडवी व्हायची आणि दुपारी दोन तास काढायची. तिच्या रात्रीला झोप पुरणार कुठून?

म्हणून माझं मागणं सोपं आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर सुरू करायच्या तारखेसोबत थांबायची आणि पुन्हा दाखवायची तारीख लिहावी. दुकानदाराने वही खरी लिहावी. आणि तुम्ही, हे फोनवर वाचणाऱ्यांनी, आज घरातला डबा उघडून लाल चौकट वाचावी. पट्टी कुणाला देऊ नका, कुणाची घेऊ नका. दिसली म्हणून फेकूही नका. पट्टी आणि ते माणूस, दोघांना घेऊन डॉक्टरकडे जा.

आजीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आणि मग काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत आणली. अजून पूर्ण सुटलेली नाही. पुढच्या कपातीचा दिवस ती स्वतः कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहिते, संकष्टीच्या शेजारी. मागच्या वेळी तिने तो एक आठवडा पुढे ढकलला आणि डॉक्टरांना फोन करून तसं सांगितलं. मला नाही सांगितलं. "तू परत भाषण दिलं असतंस," म्हणाली.