बंडखोर सिद्धान्त आणि भरलेली जखम

टायरॅनोसॉरस शिकारी नव्हताच, तो केवळ मृतभक्षक होता, हा जॅक हॉर्नर यांचा सिद्धान्त १९९० च्या दशकात गाजला. आखूड हात आणि तीव्र घ्राणशक्ती हे त्याचे आधार. साहित्याच्या वर्तुळात असे मत आले की त्याच्या बंडखोरीलाच सत्याचे प्रमाणपत्र मिळते. आमचा विरोध या सवयीला आहे.

२०१३ साली एका बदकचोच्या डायनोसॉरच्या शेपटीच्या मणक्यांत रुतलेल्या टायरॅनोसॉरसच्या दाताचे संशोधन प्रसिद्ध झाले. दाताभोवतीचे हाड भरून आले होते. म्हणजे चावा जिवंत प्राण्याला बसला आणि तो निसटून जगला. टायरॅनोसॉरस मढीही खात असेल. पण त्या सिद्धान्तातला ‘केवळ’ या जखमेने खोडला.

याउलट चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडल्याचे २००५ साली जाहीर झाले आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते ही रूढ समजूत कोसळली. इथे रूढीविरुद्धचे मत टिकले ते पुराव्यावर, आवेशावर नव्हे.

देगलूरच्या वर्गात कविता शिकवतानाही आमचा आग्रह हाच. अन्वयार्थ खुशाल धाडसी असावा. पण संहितेतली एखादी ओळ त्याच्या आड आली, तर ‘हे माझे वाचन’ म्हणून पळ काढू नये. अशी आड येणारी ओळ हीच समीक्षेची भरलेली जखम असते.