वाटांचे सांधे

पुणे महानगरपालिकेने २०१७ साली मंजूर केलेल्या सर्वंकष सायकल आराखड्याचा विचार करताना मला सतत असे वाटत आले आहे की, मार्गाची लांबी किती व्हावी यापेक्षा तो कोठे तुटतो याची चौकशी आधी व्हावयास हवी. कारण दोन कोसांची निर्वेध वाट आक्रमून आलेला मनुष्य चौकात पोहोचताच पन्नास पावलांसाठी भरधाव मोटारींच्या स्वाधीन होणार असेल, तर ती दोन कोसांची वाटही त्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच होय.

वास्तविक ह्या शहराला वाटांचे जाळे अर्धेअधिक आयतेच लाभले आहे. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने स्वारगेटच्या बाजूस येऊन पुढे हडपसरकडे जातो, आणि पाण्याच्या संथ प्रवाहासाठी तो जवळजवळ समपातळीवर खोदलेला असल्यामुळे त्याचा काठ सायकलस्वाराला हवा तसा चढउताराविना मिळतो. वेताळ टेकडीच्या पायवाटा पाषाण, कोथरूड, चतुःशृंगी आणि लॉ कॉलेज रस्ता एकमेकांस जोडतात. त्यांवर मात्र सिमेंटचा थर कधीही चढू नये, कारण तेथील मातीच्याच ओढीने माणसे टेकडी चढतात. परंतु कालवा जलसंपदा खात्याच्या अखत्यारीत, टेकडीचा बराच भाग वन खात्याकडे आणि रस्ते महानगरपालिकेकडे. आणि जेथे एका खात्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, तेथेच वाट एखाद्या कुंपणाशी किंवा उघड्या गटाराशी येऊन थांबते, आणि तो अडथळा दूर करणे हे कोणाच्याच दप्तरी नोंदलेले काम नसते.

म्हणून तिन्ही खात्यांना ज्याचा शब्द मानावा लागेल असा एकच अंमलदार नेमून केवळ ह्या सांध्यांसाठी त्याच्या हाती स्वतंत्र रकमेची तरतूद द्यावी, आणि त्याने पाहणी कचेरीतील नकाशावर न करता, जनता वसाहतीतून सकाळी धुण्याभांड्यांच्या कामाला पायी निघणाऱ्या स्त्रियांबरोबर चालून करावी. कोठे विनाकारण वळसा पडतो आणि कोठे लेकराचा हात घट्ट धरावा लागतो, हे त्यांच्याइतके कोणत्याही सल्लागारास ठाऊक नाही. भारतीय रस्ते काँग्रेसने पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर ठरविली आहे. ती विजेच्या पेटीने वा दुकानाच्या पायरीने अडली, तर तो पदपथ हिशेबात धरू नये. आरंभ कालव्यापासून व्हावा, आणि सिंहगड रस्ता ते हडपसर हे सर्व सांधे जुळेपर्यंत अन्यत्र नव्या सायकल मार्गाच्या एका मीटरलाही मंजुरी देऊ नये.